इंजिन न उतरविता बेअरिंग बदलण्याची विद्या
(वार्षिक संमेलनातील भाषण)



विद्वानांची भाषणे झाल्यावर माझ्यासारख्या गॅरेजवाल्याने येथे उभे राहावे, हे धाडसच होय. परंतु 'तरुणांच्या उपयोगी पडेल असे काही सांगा', अशी चिटणीसांची आज्ञा झाली. पान्याखेरीज दुसरी विद्या मजजवळ नाही; तेव्हा तिच्यातीलच एक प्रकरण आपणांपुढे ठेवतो.

मोर्णेकाठच्या या जुन्या शहरात माझे आयुष्य कापसाच्या ट्रकांखाली गेले. ऐन हंगामात 'इंजिन उतरवावे लागेल' म्हटले की मालकाचा चेहरा उतरतो. कारण गाडी उभी राहिली तरी कर्जाचा हप्ता थांबत नाही. पण केवळ मेन बेअरिंग झिजले असेल व क्रँकशाफ्ट शाबूत असेल, तर पुष्कळ इंजिनांत हे काम खालूनच होते.

ओझ्याने गाडी चढाला लागली असता खोल, जड ठोका येतो आणि इंजिन तापल्यावर तेलाचा दाब पडतो, ही दुखण्याची लक्षणे. मात्र दाब पातळ तेलाने किंवा पंपाच्या दोषानेही पडतो. म्हणून प्रथम दुसरे गेज लावून खात्री करावी.

बेअरिंग म्हणजे पोलादी पाठीवर मऊ धातूचा थर दिलेल्या दोन अर्धगोल वाट्या. कथील, अँटिमनी व तांबे यांच्या अशा मिश्रधातूशी निगडित पेटंट 1839 साली अमेरिकेत आयझॅक बॅबिट यांनी घेतले. कण आला तर तो मऊ थरात रुतावा, वाटी झिजावी आणि मोलाचा शाफ्ट वाचावा, ही त्यातील युक्ती.

आता कृती. बॅटरीची तार सोडावी, गाडीला भक्कम टेकू द्यावेत, तेल काढून चेंबर उतरवावा. टोप्यांवर खुणा कराव्यात व एका वेळी एकच टोपी काढावी. खालची वाटी टोपीबरोबर येते; खरी परीक्षा वरच्या वाटीची. शाफ्टच्या तेलाच्या छिद्रात चपट्या डोक्याची मऊ पिन बसवावी. वाटीच्या एका कडेला अडकवणारी जीभ असते. ती प्रथम बाहेर येईल अशा दिशेने शाफ्ट हाताने हळूहळू फिरवावा. पिन दुसऱ्या कडेला लागून वाटी बाहेर ढकलते. नवी वाटी तेल लावून, बिनजिभेची कड पुढे करून, उलट दिशेने आत न्यावी. शेवटी प्लास्टिगेजने फट मोजावी. त्या वेळी शाफ्ट खालून जॅकने अलगद वर धरावा, नाहीतर त्याच्या वजनाने माप खोटे येते. नट कारखान्याच्या पुस्तकातील टॉर्कनेच आवळावेत आणि प्रत्येक टोपीनंतर शाफ्ट मोकळा फिरतो की नाही हे पाहावे.

येथवर सारे सोपे वाटेल. आता माझी चूक सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी एका ज्ञातिबांधवाची गाडी अशीच आली. शाफ्टवर चरा होता. नख अडकत होते. परंतु सकाळी गाडी हवी होती, आणि 'तुम्ही पाहिले म्हणजे झाले', असे तो म्हणाला होता. मी नवी वाटी चढविली. थोड्याच दिवसांत माल भरलेली गाडी वाटेत अडकली. शेवटी इंजिन उतरवावेच लागले. शाफ्ट घासून पाव मिलिमीटर कमी मापाची बेअरिंगे घातली. खर्च मी सोसला. त्यापायी घरातील पाटल्या गहाण पडल्या. पाटल्या पुढे सुटल्या, पण त्या गृहस्थाची गाडी माझ्या दारी पुन्हा आली नाही.

म्हणून तरुण मित्रांनो, चरा दिसला, शाफ्ट निळा पडला किंवा गोलाई बिघडली, तर इंजिन उतरविण्याची गोष्ट मालकास तत्काळ, स्पष्ट शब्दांत सांगा. तो रागावेल, कदाचित दुसरीकडे जाईल. तथापि आपल्यासारख्या लहान समाजात विश्वास हेच भांडवल होय, आणि त्याची वाटी बाजारात मिळत नाही.