माथेरान: वर पोचवणाऱ्यांचं गाव

(निगडी येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



लोणावळा-खंडाळा आपल्या अंगणात असताना माथेरानवर व्याख्यान कशाला, असं कुणाच्या मनात आलं असेल तर ते रास्तच आहे. पण आपण ज्या जुन्या मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला राहतो, तोच रस्ता बोरघाट उतरून, खोपोली मागे टाकून चौक नावाच्या गावावरून जातो. १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचा कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट चौकला मुक्कामाला होता. तिथून तो डोंगरावर चढला, माथ्यावरचं रान पाहून खूश झाला आणि पुन्हा येऊन त्याने वाटा पाडून घेतल्या. पुस्तकात याला माथेरानचा 'शोध' म्हणतात. उतारावरच्या वाड्यांतले ठाकर, कातकरी आणि धनगर त्याच्या आधी कित्येक पिढ्या तिथे ये-जा करत होते. कलेक्टरसाहेबांना जी वाट सापडली, ती आधी कुणीतरी पायांनी मळलेली होती, एवढं मनात ठेवून पुढे जाऊ.

आधी डोंगर पाहू. माथेरान सह्याद्रीच्या मुख्य धारेवर नाही. ती धार पूर्वेला, राजमाची-भीमाशंकरच्या बाजूला राहते. माथेरान तिच्यापासून सुटलेल्या एका वेगळ्या रांगेत आहे. उत्तरेला पेब, चंदेरी, मलंगगड, दक्षिणेकडे प्रबळ आणि इर्शाळ ही सगळी त्याची भावंडं. पूर्वेला पायाशी उल्हास नदीचं खोरं, नेरळ आणि कर्जत. पश्चिमेला पनवेलचा सपाट मुलूख. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर, चारी बाजूंनी कातळकडे, आणि माथ्यावर जांभ्याची टोपी. समुद्रसपाटीपासून उंची ८०० मीटर. गर्बट पॉइंटवर उभं राहिलात की समोर सह्याद्रीची सलग भिंत दिसते. आपण घाटावरचे लोक त्या भिंतीच्या पाठीशी राहतो. तिचा चेहरा पाहायला माथेरानलाच जावं लागतं.

या जांभ्यावर माथेरानचं पुष्कळ काही अवलंबून आहे. बूट, कपडे, घोड्याचे पाय सगळं तांबडं करणारी धूळ त्याचीच. तो पाणी मुरू देतो, म्हणून माथ्यावर जांभूळ, अंजन, हिरडा यांचं दाट रान टिकलं आणि त्यात शेकरू नांदतं. पण तो ठिसूळही आहे. पायांनी, टापांनी सैल झालेली माती पहिल्या पावसात वाहून जाते आणि रस्त्याच्या मधोमध घळ पडते. जूनपासून पाऊस असा कोसळतो की नेरळहून वर येणारी गाडी ऑक्टोबरपर्यंत बंद ठेवावी लागते.

डोंगर तोच राहिला, पण त्याचं दार बदललं. मॅलेट आला चौकहून, दक्षिणेकडून. १८५६ मध्ये रेल्वे कर्जतच्या बाजूला, पुढे खोपोलीपर्यंत आली आणि नेरळ हे दार झालं. मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन याने वर बंगला बांधला, मग साहेबांच्या मागोमाग पारशी, बोहरी आणि गुजराती धनिक आले. नेरळला उतरायचं आणि तट्टावर, पालखीत किंवा खुर्चीत बसून वर जायचं. पालखी अर्थातच कुणाच्या तरी खांद्यावर असे.

मग आली छोटी गाडी. सर आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी ती बांधली. १९०४ साली काम सुरू झालं, १९०७ मध्ये गाडी धावली. दोन रुळांमधलं अंतर अवघं दोन फूट, लांबी सुमारे २१ किलोमीटर. सरळ चढायला गेलं तर इंजिन दमेल, म्हणून डोंगराला वळसे घालत, जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज अशी ठाणी घेत ती वर पोचते. वाटेत एकच बोगदा आहे. लोकांनी त्याचं नाव 'वन किस टनेल' ठेवलं, म्हणजे तो किती लांब असेल याचा अंदाज तरुण श्रोत्यांना आलाच असेल. २००५ च्या २६ जुलैच्या पावसाने हा मार्ग उखडला, तो २००७ मध्ये सुरू झाला. २०१९ च्या पावसाने पुन्हा उखडला, तो २०२२ मध्ये सुरू झाला. शंभर वर्षं उलटली तरी डोंगराने हा रूळ पूर्णपणे मान्य केलेला नाही, असंच म्हणावं लागेल.

आता मी ज्या माणसासाठी हा विषय घेतला त्याच्याकडे येतो. १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानमध्ये एका नाभिक कुटुंबात विठ्ठल लक्ष्मण कोतवाल जन्मले. सगळा मुलूख त्यांना भाई म्हणे. पुण्यात शिकले, मुंबईत वकील झाले. कोट घालून कोर्टात उभे राहिले असते तर चार पैसे गाठीला बांधता आले असते. ते परत आले. डोंगराच्या पायथ्याचा शेतकरी आणि आदिवासी पावसाळ्यात सावकाराकडून भात उचलायचा आणि सुगीला दामदुपटीने फेडायचा. भाईंनी धान्यकोठी काढली, शाळा काढल्या. माथेरानच्या नगरपालिकेत ते उपाध्यक्षही होते.

१९४२ चं आंदोलन पेटलं तेव्हा भाई भूमिगत झाले आणि त्यांनी 'आझाद दस्ता' उभा केला. दस्त्याने काय केलं? मुंबईला वीज नेणारे मनोरे कापले. इथे आपला मावळ या गोष्टीत येतो. मावळातल्या आंद्रा खोऱ्यात टाटांनी ठोकरवाडीचं धरण बांधलं. त्या धरणाचं पाणी बोगद्यातून, नळांतून कड्याखाली सोडून कर्जतजवळच्या भिवपुरीला १९२२ पासून वीज तयार होत होती. लोणावळ्याकडच्या तलावांचं पाणी असंच खोपोलीला पडत होतं. घाटमाथ्यावरचं पाणी, कोकणातली जनित्रं आणि मुंबईच्या गिरण्या. मधल्या खेड्यांत मात्र रॉकेलचा दिवा. या तारा कुठल्या रानातून जातात, कोणत्या वाटेने रात्रीत पसार होता येतं, हे त्या डोंगरात वाढलेल्या माणसांना पाठ होतं. १८५० साली साहेबाने जी वाट 'शोधली', तशाच वाटांनी ब्याण्णव वर्षांनंतर साहेबाच्या पोलिसांना दमवलं.

२ जानेवारी १९४३ च्या पहाटे मुरबाडजवळ सिद्धगडाच्या रानात पोलिसांनी दस्त्याला गाठलं. हिराजी पाटील आणि भाई कोतवाल तिथे धारातीर्थी पडले. भाईंचं वय तीस. माथेरानच्या पर्यटनाच्या गप्पांत हे नाव क्वचित निघतं. सूर्यास्ताच्या पॉइंटचं मात्र हमखास. मला ते खटकतं.

आजचं माथेरान केवढं? २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ४,३९३. त्याआधीच्या जनगणनेत ती ५,१३९ होती, म्हणजे गाव आक्रसतंय. त्याच २०११ मध्ये आपलं पिंपरी-चिंचवड सव्वासतरा लाखांवर गेलं होतं. निगडी प्राधिकरणाच्या एखाद्या सेक्टरात मावेल एवढं ते गाव, पण त्याला स्वतःची नगरपरिषद आहे, आणि २००३ पासून केंद्राने तो परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केलेला आहे. खासगी मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात. पुढे रुग्णवाहिकेसारखी अपवादाची वाहनं सोडली तर इंजिनाचा आवाज नाही.

ही शांतता फुकट मिळालेली नाही. दस्तुरीहून बाजारपेठेपर्यंत अडीच-तीन किलोमीटर आहेत. तुमच्या हॉटेलातला गॅसचा सिलिंडर घोड्याच्या पाठीवरून येतो. तुमची बॅग एखाद्या बाईच्या डोक्यावरून. आणि हातरिक्षा नीट पाहिलीत का? एक माणूस पुढे दांड्यात ओढतो, मागून एक-दोघे ढकलतात. उतारावर ढकलणारेच ओढणारे होतात, म्हणजे मागून खेचून गाडी आवरतात; टाचा जांभ्यात रुतवतात. आत बसलेला माणूस बहुधा दरीचा फोटो काढत असतो. अशा ९४ हातरिक्षांना परवाने होते. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा माणसाच्या प्रतिष्ठेला बाधक ठरवून सहा महिन्यांत थांबवायला सांगितलं आणि ओढणाऱ्यांचं ई-रिक्षा देऊन पुनर्वसन करण्याची दिशा दाखवली. स्वातंत्र्यानंतर ७८ वर्षांनी! उशीर झाला, पण निकाल योग्य आहे.

ई-रिक्षा आल्या म्हणून माथेरान बुडालं, असा सूर काही पर्यटक लावतात. घोडेवाल्यांची धास्ती मी समजू शकतो; त्यांचं पोट त्यावर आहे, आणि गुळगुळीत पेव्हर ब्लॉकवरून घोडा घसरतो ही त्यांची तक्रारही खोटी नाही. न्यायालयानेही पेव्हर दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच राहू दिले, आतल्या वाटा मातीच्याच ठेवायला सांगितल्या. पण शनिवार-रविवारपुरता वर जाणारा माणूस जेव्हा 'जुनं माथेरान हवं' म्हणतो, तेव्हा त्या जुन्यात दुसऱ्याच्या खांद्यावरची आपली खुर्चीही येते का, हे त्याने सांगायला हवं. मोटारींना बंदी राहिलीच पाहिजे. तिच्यात ढिलाई आली तर तो जांभा दहा पावसाळेही टिकणार नाही. फक्त त्या बंदीचं ओझं हमाल आणि रिक्षा ओढणाऱ्यांनीच वाहावं, हे यापुढे चालणार नाही. ई-रिक्षांचे परवाने त्याच माणसांच्या नावावर राहिले पाहिजेत, बाहेरच्या भांडवलवाल्याच्या नाही. नगरपरिषदेकडे लक्ष ठेवायचं ते याच मुद्द्यावर.

तेव्हा एक विनंती करून थांबतो. इथून निघालात तर खंडाळा, खोपोली, कर्जत करत नेरळ तीन तासांत गाठता येतं. जमेल तेवढं चालत जा, सामान उचलणाऱ्याशी भाव करू नका, प्लास्टिकची बाटली परत खाली आणा. आणि घरात शाळकरी मुलं असतील तर २ जानेवारीला त्यांना सिद्धगडावर घेऊन जा. तिथे दरवर्षी हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते.