सागरी सहल आणि घरची खुशाली

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस जेव्हा चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विषयही त्यांनीच सुचविला. आपल्या ज्ञातीतील बरीच कुटुंबे अलीकडे ‘क्रूझ’ नावाच्या सागरी सहलीस जाऊ लागली आहेत. कोणी मुलाकडे परदेशी गेले असता तिकडून जातात, कोणी सिंगापूरहून जातात. अशा वेळी घराशी संपर्क कसा राखावा, हे आम्ही सांगावे अशी त्यांची इच्छा. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले प्राथमिक शिक्षक. यंत्रशास्त्रातले आम्हांस काय कळणार? तथापि २०२४ च्या जुलै महिन्यात आम्ही उभयतांनी व्हँकुव्हरहून अलास्काची सात दिवसांची सफर केली आणि त्या सात दिवसांत घरी जे घडले, त्यामुळे ह्या विषयाचा विचार करणे आम्हांस भाग पडले.

आपण कोकणची माणसे. बोटीचा प्रवास आपल्या वाडवडिलांस नवा नव्हता. भाऊच्या धक्क्यावरून निघालेली आगबोट हर्णै, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड करीत खाली जाई. माणूस बोटीत बसला की तो उतरेपर्यंत घरच्यांस त्याची वार्ता नसे, आणि त्यात कोणास काही वावगेही वाटत नसे. परंतु ह्या शांततेची किंमत आपल्या लोकांनी एकदा फार मोठी मोजली आहे. १७ जुलै १९४७ रोजी, गटारी अमावास्येच्या दिवशी, मुंबईहून रेवसकडे सकाळी निघालेली ‘रामदास’ बोट वाटेत उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. सकाळी घडलेला तो अनर्थ मुंबईस कळला तो दुपारी, पोहत किनाऱ्यास लागलेल्या माणसांच्या तोंडून. डोळ्यांस जवळजवळ दिसणाऱ्या अंतरावर बोट बुडाली आणि शहरास पत्ता नाही!

बिनतारी यंत्र तर त्यापूर्वी कितीतरी वर्षे जहाजांवर आलेले होते. ‘टायटॅनिक’ जहाजावर १९१२ साली ते होते. परंतु त्या यंत्राचे मुख्य काम प्रवाशांच्या खासगी तारा पाठविण्याचे. आदल्या दिवशी यंत्र बिघडल्यामुळे तारांचा ढीग साचला होता, आणि तो उपसण्यात गुंतलेल्या तारायंत्र्याने जवळच्या ‘कॅलिफोर्नियन’ जहाजाकडून आलेली हिमाची सूचना मध्येच थांबविली. घरच्यांस खुशाली कळविण्याची घाई आणि जीव वाचविणारी वार्ता यांची एकाच तारेवर अशी गाठ पडली. त्यानंतर नियम कडक झाले, हे सर्वश्रुत आहे.

आता आजची स्थिती पाहू. जहाज बंदरात उभे असते तेव्हा किनाऱ्यावरील मनोऱ्यांमुळे आपला मोबाईल चालतो, आणि आपण त्या देशासाठी घेतलेले रोमिंग उपयोगी पडते. जहाज दर्यात शिरले की तो मनोरा मागे राहतो आणि जहाजाचा स्वतःचा मनोरा सुरू होतो. हा मनोरा उपग्रहाशी जोडलेला असतो व त्याचे दर वेगळे असतात. त्या देशाचे रोमिंग घेतले म्हणजे हा खर्च त्यात आला, असे मुळीच समजू नये. खिशातला फोन आपल्याला न विचारता त्या मनोऱ्याशी जोडला जातो, आणि घरी परतल्यावर बिल पाहून माणसाच्या तोंडचे पाणी पळते. यास्तव जहाज सुटण्यापूर्वी फोन ‘एअरप्लेन मोड’वर टाकावा आणि मग केवळ वाय-फाय तेवढे चालू करावे. जहाजाच्या वाय-फायचे पैसे बहुधा दिवसावर आणि फोनांच्या संख्येवर असतात. निघण्यापूर्वीच घेतले तर पुष्कळदा स्वस्त पडते. नवराबायकोंस एका फोनावर भागविता येते. आम्ही भागविले, आणि त्यावरून जो किरकोळ कलह झाला तो येथे सांगण्याचे कारण नाही.

एक गोष्ट मात्र आपल्या लोकांनी विशेष ध्यानात ठेवावी. फोन ह्या अवस्थेत असता बँकेचा ओटीपी येईल अशा भरवशावर राहू नये. विजेचे बिल, विम्याचा हप्ता, नातवाच्या शाळेची फी, जे काही असेल ते निघण्यापूर्वी भरून टाकावे.

जहाजावरील वाय-फाय पूर्वी अतिशय मंद असे. त्याचे कारण असे की, जुने उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर एका जागी स्थिर असल्यासारखे असतात. तिथवर शब्द जाऊन परत येण्यास वेळ लागतो, आणि अलास्कासारख्या उत्तरेकडील प्रदेशांत तर ते क्षितिजाशी इतके खाली दिसतात की खाडीत जहाज शिरले म्हणजे डोंगर आड येतो. २०२२ पासून मोठ्या प्रवासी जहाजांवर ‘स्टारलिंक’ची यंत्रे बसू लागली. हे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटर उंचीवरून हजारोंच्या संख्येने फिरत असतात, त्यामुळे एक डोंगराआड गेला तर दुसरा येतो. तरीही संपर्क अखंड राहील अशी हमी कोणी देत नाही.

म्हणूनच यंत्रापेक्षा ठरावाला महत्त्व आहे. आमच्या मातोश्री वयाच्या ९१ व्या वर्षी देवगडास आमच्या धाकट्या बंधूंजवळ होत्या. निघण्यापूर्वी आम्ही बंधूंशी तीन गोष्टी ठरविल्या. पहिली, रोज एकदाच बोलायचे: अलास्कातील रात्रीचे आठ म्हणजे आपल्याकडील दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेनऊ, आईची न्याहारी झालेली असते. दुसरी, एखादा दिवस फोन आला नाही तर तो डोंगराचा दोष मानायचा, काळजी करायची नाही. तिसरी, घरी काही बरेवाईट झाल्यास लपवायचे नाही.

ह्या तिसऱ्या गोष्टीविषयी थोडे स्पष्ट बोलतो, कारण आपल्या समाजात याच्या नेमकी उलट रीत आहे. ‘ती बिचारी मजेत आहेत, कशाला त्यांच्या आनंदात विरजण घाला’ असे म्हणून वडिलांचे आजारपण, प्रसंगी मृत्यूही, परत येईपर्यंत दडवून ठेवतात. हेतू चांगला असतो, याबद्दल आम्हांस शंका नाही. परंतु जो दूर आहे त्याचा हक्क हे लोक काढून घेतात. त्याने परतायचे की नाही, हे त्याने ठरवायचे असते, चुलत्यांनी नव्हे.

सफरीच्या पाचव्या दिवशी आमचे जहाज ‘ग्लेशियर बे’मध्ये शिरले. तिथे गाव नाही, मनोरा नाही. हिमनदीची निळी भिंत पाहण्यास सारे कठड्याशी उभे होते, आणि त्याच वेळी, वाय-फाय क्षणभर जागे झाले असता, बंधूंचा निरोप आला: ‘दादा, आई पडवीत पडली. खुब्याचे हाड मोडले. शुद्धीवर आहे, बोलते. डॉक्टर परवा शस्त्रक्रिया करू म्हणतात.’ मुंबईच्या नातलगांनी ‘तिकडे कळवू नका’ असा सल्ला बंधूंस दिला होता. त्यांनी तो मानला नाही. दिलेला शब्द त्यांनी पाळला, याचा आम्हांस आजही अभिमान वाटतो.

आम्ही जहाजाच्या स्वागतकक्षात गेलो. तेथील बाईंनी शांतपणे सांगितले की जहाज मागे फिरणार नाही, मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी केचिकन बंदरात उतरता येईल. तिथले विमानतळ समोरच्या बेटावर आहे, होडीने पलीकडे जावे लागते, आणि तेथून सिएटलचे विमान मिळते. सिएटलहून पुढे मुंबई, मुंबईहून देवगड. हिशेब केला, तर शस्त्रक्रियेपूर्वी पोहोचणे शक्य नव्हते. रात्री आठ वाजता फोन लागला. आवाज तुटत होता. बंधूंनी आईच्या कानाशी फोन धरला. आम्ही ‘उद्या निघतो’ म्हणालो. त्यावर मातोश्री म्हणाल्या, “तू येवन काय हाड जोडतलस? सूनबायक नीट घेऊन ये.”

आम्ही केचिकनला उतरलो नाही. ते योग्य की अयोग्य, हे ज्याचे त्याने ठरवावे. परंतु ठरविले ते आम्ही, आणि सर्व जाणून ठरविले. शस्त्रक्रिया झाली त्या वेळी जहाज खुल्या समुद्रात होते. ‘झाली, ठीक आहे’ एवढे तीन शब्द आम्हांस सहा तास उशिरा मिळाले. ते सहा तास कसे गेले, ते आमच्या सौभाग्यवतींस ठाऊक. व्हँकुव्हरला उतरताच पहिल्या मिळालेल्या विमानाने आम्ही निघालो. मातोश्री आता काठीच्या आधाराने पडवीपर्यंत येतात आणि पडवीत कोणी पाणी सांडले तर ओरडतात.

जाता जाता आणखी एक सांगितले पाहिजे. ज्या जहाजांवर आपण सहलीस जातो, त्यांवर वाढणारे, सफाई करणारे, इंजिनाशी राबणारे कितीतरी तरुण आपल्या कोकणातले आणि गोव्याचे असतात. त्यांना घर सोडून महिनोन्महिने झालेले असतात. २०२० च्या फेब्रुवारीत ‘डायमंड प्रिन्सेस’ जहाज साथीमुळे जपानच्या योकोहामा बंदरात अडकले. त्यावरील ३,७११ माणसांत १३८ भारतीय होते आणि त्यांपैकी १३२ खलाशी व कर्मचारी होते. त्यांतल्या काहींनी मोबाईलवरून केलेल्या विनवण्या साऱ्या देशाने पाहिल्या, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सरकारने विमान पाठविले. खलाशांस शक्य तेथवर इंटरनेट मिळावे आणि त्याचे दर वाजवी असावेत, असा आंतरराष्ट्रीय नियम अंमलात आला तो २०२४ च्या डिसेंबरात. आपल्या टेबलाशी वाढणारा मुलगा मराठी बोलणारा निघाला, तर त्याच्या घरची चौकशी अवश्य करावी.

आता कामाची गोष्ट. निघण्यापूर्वी एक कागद लिहून घरी, देव्हाऱ्याजवळ किंवा दूरचित्रवाणीजवळ, कोणासही सापडेल असा ठेवावा. त्यावर जहाजाचे नाव, कंपनीचा आपत्कालीन दूरध्वनी, आरक्षणाचा क्रमांक, खोलीचा क्रमांक, कोणत्या तारखेस कोणते बंदर, आणि घड्याळाचा फरक लिहावा. जहाजावर रोज मिळणाऱ्या पत्रकात बंदरातील प्रतिनिधीचा पत्ता बहुधा छापलेला असतो. त्याचे छायाचित्र काढून घरी पाठवावे. आपला फोन बंद असला तरी कंपनीस कळविलेला तातडीचा निरोप जहाजावर पोहोचतो आणि खोलीवर आणून देतात, हे घरच्यांस आधी सांगून ठेवावे. अशा कागदाचा नमुना आम्ही स्वहस्ते लिहून मंडळाच्या कार्यालयात दिला आहे. चिटणीसांनी त्याच्या पन्नास प्रती काढल्या आहेत. ज्यांस हव्या असतील त्यांनी भोजनानंतर मागून घ्याव्यात.