क्लीनरची जागा

ट्रकच्या पाठीमागं लिहिलेलं आपण सगळेच वाचतो. तिथं शेर असतो, देवाचं नाहीतर पिराचं नाव असतं, लिंबू-मिरची लटकत असते. पण पुढच्या काचेमागं बसलेल्या माणसाला हे काम कुणी शिकवलं, असं आपण विचारत नाही. मला हा प्रश्न पडतो, कारण बीए होण्याआधी दोन वर्षं मी ट्रकवर क्लीनर होतो. कोल्हापूरहून गुळाच्या भेल्या भरायच्या आणि गुजरातला पोचवायच्या, असा आमचा फेरा. आता माझ्या बहिणीचा मुलगा ड्रायव्हर व्हायला निघालाय. म्हणून आज थोडं बोलतो.

कागदावर ड्रायव्हर होणं सोपं आहे. अठरा वर्षं पुरी झाली की हलक्या मोटारीचा परवाना मिळतो. तो वर्षभर जवळ असला आणि वय वीस झालं, की मालवाहू गाडीसाठी अर्ज करता येतो. पूर्वी आठवी पास असण्याची अट होती, ती २०१९ साली निघाली. आरटीओच्या मैदानावर गाडी पुढं-मागं घेऊन दाखवली की झालं. पण त्या मैदानावरची गाडी रिकामी असते, आणि पोट भरायचं ते भरलेल्या गाडीवर. भरलेली गाडी उशिरा थांबते, वळणावर कलते, चढाला धापा टाकते आणि उताराला आपल्याआधी धावू बघते. भाचा मला म्हणाला, "मामू, गाडी येते मला." मी म्हटलं, "रिकामी येते बेटा. भरलेली यायचीय अजून."

भरलेली गाडी शिकवण्याची आमच्या वेळची शाळा म्हणजे क्लीनरची जागा. तिथं पुस्तक नव्हतं, रोजची छोटी-मोठी विघ्नं होती. मागच्या धुरेला जोडटायर असतात. आतला टायर बसला तर तो डोळ्यांना दिसत नाही. बाहेरचा एकटाच ओझं पेलतो, तापतो आणि फुटतो. म्हणून दर मुक्कामाला उस्ताद माझ्या हातात लोखंडी पान्हा द्यायचे. टायरवर ठोका मारायचा आणि आवाज ऐकायचा. भरला टायर टणटणतो, बसलेला 'भद्द' करतो. दोन टायरांमध्ये दगड अडकलाय का, तेही बघायचं. तो वेगात सुटला तर मागच्या गाडीची काच फोडतो. पुढं कविता लिहिताना शब्द वाजवून बघायची सवय मला इथूनच लागली असावी.

पावसाळ्यात ताडपत्रीचा धडा मिळाला. सुती दोर भिजला की आवळतो आणि ऊन पडलं की सैल होतो. म्हणून पाऊस थांबल्यावर गाडी थांबवून पुन्हा दोर ताणायचा असतो. गुळाला पाणी लागलं की व्यापारी माल उतरवूनच घेत नाही. घाटाचा धडा त्याहून मोठा. ज्या गिअरमध्ये चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतार उतरायचा, असं उस्ताद सांगत. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल केली की इंजिनाची पकड सुटते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. लायनर तापतात आणि ऐन वळणावर पाय दाबला तरी गाडी ऐकत नाही. आणि रिव्हर्स घेताना? फळीवर एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे येऊ दे. माझ्या त्या दोन थापांवर भरलेला ट्रक मागं यायचा. अठरा वर्षांच्या पोराला एवढा विश्वास दुसऱ्या कुठल्या कॉलेजात मिळाला असता?

या शाळेची फी मात्र जबर होती आणि ती सर्वांत गरिबाकडून घेतली जायची. मोठा अपघात झाला तर विमा असतो. पण आरसा तुटला, इंडिकेटर फुटला, मोजणीत नग कमी भरले, तर ते कुणाच्या नावावर? आमची ताडपत्री जुनी होती, चार ठिकाणी ठिगळं लावलेली. एका पावसात ती उभी फाटली. मालकानं नवीन ताडपत्री घेतली आणि पैसे उस्तादांच्या आणि माझ्या पगारातून कापले. पगार कापला म्हणून घरासाठी उचल घ्यावी लागली. उचल फिटेपर्यंत दुसऱ्या मालकाकडं जाता येत नाही. मला त्यातून सुटायला चार महिने लागले. या धंद्यात नवा पोरगा अडकतो तो बहुतेक वेळा असा.

आता काळ बदललाय, आणि पुष्कळ चांगलंही झालंय. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकातही संपली. नाक्यावरच्या रांगा गेल्या. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड मालट्रकच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचं झालं. उन्हाळ्यात इंजिनाशेजारी बसलेल्याला विचारा, त्याची किंमत तो सांगेल. पण त्या रांगेत ड्रायव्हर दोन तास झोपून घ्यायचा, तेही गेलं. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती लिहिली होती. आमच्या फेऱ्यात ती कधी वाट्याला आली नाही.

आणि क्लीनरची जागा रिकामी होत चाललीय. भाडं परवडत नाही, म्हणून पुष्कळ मालक दुसरा माणूस देत नाहीत. म्हणजे एका माणसाचा पगार वाचला आणि त्याबरोबर शाळाही बंद झाली. वीस-बावीस वर्षांचा पोरगा मोबाइलवरचा नकाशा बघत अनोळखी गावात शिरतो, रात्री दोनला बोळात अडकतो, आणि मागं थाप मारायला कुणी नसतं. डाव्या बाजूचं सायकलवालं पोर त्याला उंच केबिनमधून दिसत नाही. पूर्वी त्या बाजूला दोन डोळे जास्तीचे होते.

बहीण म्हणते, "भाईजान, त्याला अडवा." मी अडवणार नाही. काम इमानाचं आहे, आणि आपल्या घरातलं मीठ-साखर त्याच चाकांवर येतं. मी त्याला इतकंच सांगितलंय : पहिलं वर्ष एखाद्या जुन्या ड्रायव्हरच्या शेजारी बस, पगार कमी मिळाला तरी चालेल. गाडी ताब्यात घेताना टायर, काचा, ताडपत्री यांचे फोटो काढून मालकाला पाठव. तुटफूट झाली तर खर्च कुणाचा, हे आधी बोलून घे. उचल शक्यतो घेऊ नकोस. आणि डोळ्यांवर झोप आली की गाडी बाजूला घे, मालकाचे दहा फोन आले तरी.

मालक मंडळींनाही एक विनंती आहे. नव्या पोराला पहिले सहा महिने तरी जोडीला माणूस द्या. त्याचा पगार टायर आणि ब्रेकच्या खर्चात वाचेल.

आणि आपण? तुमच्या गल्लीत एखादा भरलेला ट्रक मागं येताना दिसला, तर हॉर्न वाजवू नका. खाली उतरा, त्याला आरशात दिसाल असे सुरक्षित अंतरावर उभे राहा आणि हात दाखवा. त्या पोराला तेवढ्यापुरता तरी क्लीनर मिळेल.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)