आज्जी, हे काय असतं?



या व्याख्यानमालेत आपण कवी-लेखकांना ऐकत आलो. यंदा एका होमिओपॅथी डॉक्टरला बोलावलंत, तेही अशा विषयावर, म्हणून आधी आभार मानते.

विषय आपल्या घरातलाच आहे. आमच्या बेळगावातली कुठलीही गल्ली घ्या. मुलगा-सून पुण्याला नाहीतर बेंगळुरूला नोकरीला आणि नातवंडं शाळेसाठी आज्जीजवळ. डबा, अभ्यास, ताप-खोकला, सगळं आज्जी बघते. पण नातवंडं वयात यायला लागली की ती म्हणते, हे आई-बापांनी सांगायचं. आई-बापांना वाटतं, शाळेत सांगत असतील. शाळेला वाटतं, घरी सांगितलं असेल. शेवटी मूल मोबाईलला विचारतं.

दुसऱ्यांना उपदेश करण्याआधी माझी चूक सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वीसेक वर्षं झाली. एक आज्जी आपल्या दहा वर्षांच्या नातवाला घेऊन दवाखान्यात आल्या. शिकवणीला जायची वेळ झाली की त्याचं पोट दुखायचं. आमच्या पद्धतीत रोग्याची कहाणी फार बारकाईनं घेतात. गोड आवडतं की तिखट, पाय पांघरुणाबाहेर काढून झोपतो का, स्वप्नं कसली पडतात, मी सगळं विचारलं. "बाळ, तुला कुणाची भीती वाटते का?" एवढं मात्र विचारलं नाही. तीन महिने साबूदाण्याएवढ्या गोळ्या देत राहिले.

उत्तर सापडलं ते आज्जींना. एका रात्री डोक्याला तेल लावून घेताना त्यानं विचारलं, "आज्जी, सर अंगाला हात लावतात, ते चालतं का?" आज्जी चौथी शिकलेल्या. त्या ओरडल्या नाहीत, "कुणाला सांगू नकोस" असंही म्हणाल्या नाहीत. "चालत नाही. तुझं काही चुकलं नाही. उद्यापासून तिकडं जायचं नाही," असं म्हणाल्या. आठवड्यात पोटदुखी थांबली. पण त्या शिक्षकाविरुद्ध घरच्यांनी तक्रार केली नाही आणि मीही त्यांना आग्रह केला नाही. त्याची शिकवणी पुढं चालूच राहिली. तिथं आणखी किती मुलांची पोटं दुखली असतील? आम्ही जैन क्षमावाणीला सगळ्यांची क्षमा मागतो. दर वर्षी त्या दिवशी मला तो मुलगा आठवतो.

आता शब्दांकडे वळते, कारण हे साहित्याचं व्यासपीठ आहे. पाळी आली की आपण लेकरांना काय सांगायचो? "कावळा शिवला." मी लहानपणी खिडकीत बसून तो कावळा शोधला आहे. पूर्वी पहिलं न्हाण आलं की मखर घालायचे, गाणी व्हायची. सगळ्या गल्लीला कळायचं. जिचं न्हाण, त्या पोरीला मात्र आपल्याला काय झालंय हे कुणी सांगत नसे. आज मखर गेलं, पण न सांगण्याची रीत राहिली.

मुलींच्या शरीरात बदल साधारण आठ ते तेरा या वयात सुरू होतात. छाती भरू लागल्यानंतर दोन-अडीच वर्षांनी बहुधा पाळी येते. म्हणजे सांगायला आपल्या हातात चांगला वेळ असतो. "दर महिन्याला पिशवीला आतून अस्तर येतं. बाळ राहिलं नाही की ते रक्तावाटे बाहेर पडतं. हा आजार नाही आणि विटाळही नाही," एवढं पुरे. पहिली दोन-तीन वर्षं पाळी मागं-पुढं होते, त्याला घाबरू नका. पंधरावं सरलं तरी आली नाही, किंवा तासा-तासाला पॅड बदलावा लागला, तर मात्र स्त्रीरोगतज्ज्ञांकडेच न्या. त्यासाठी माझ्याकडं येऊ नका.

मुलग्यांना तर आपण वाऱ्यावरच सोडतो. झोपेत वीर्य बाहेर पडतं, त्याला आपल्या भाषेनं नाव दिलं "स्वप्नदोष". यात दोष कसला? भिंतींवरच्या जाहिराती सांगतात, इतक्या थेंब रक्ताचा एक थेंब होतो. हे खोटं आहे. लाळ जशी तयार होत राहते, तसंच हेही. या भीतीनं वाळलेली कॉलेजची पोरं माझ्याकडं येतात. त्यांना औषध लागत नाही. बाराव्या-तेराव्या वर्षी घरात कुणी "असं होतं, काळजी करू नको" म्हटलं असतं तर ती आलीच नसती. चादर खराब दिसली तर मुकाट्यानं बदला. आजोबांनाही इथं काम आहे, त्यांनी पेपरामागं लपू नये.

2007 साली केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं 13 राज्यांतल्या 12,447 मुलांशी बोलून अभ्यास केला. निम्म्याहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक छळ सांगितला. त्यात मुलगे मुलींपेक्षा कमी नव्हते आणि छळणारी माणसं पुष्कळदा ओळखीची होती. म्हणून लहानपणापासून अवयवांची खरी नावं शिकवा. "शी-शी" म्हणून शिकवलेल्या जागेबद्दल मूल तक्रार कशी करणार? पाहुण्यांची पापी घ्यायची नसेल तर जबरदस्ती करू नका. नको म्हणायची सवय तिथूनच लागते.

2012 पासून पोक्सो कायदा आहे. अठरा वर्षांखालच्या मुलगा-मुलगी दोघांनाही त्याचं संरक्षण आहे. असा प्रकार कळला की पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, डॉक्टरलाही आणि आज्जीलाही. मुलांच्या मदतीसाठी 1098 हा मोफत नंबर आहे, तो फोनजवळ लिहून ठेवा.

काहींना वाटेल, हे आपल्या संस्कारात बसत नाही. मराठीत र. धों. कर्व्यांनी 1927 साली "समाजस्वास्थ्य" मासिक काढलं आणि मरेपर्यंत चालवलं. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून त्यांच्यावर खटला झाला. 1934 साली त्यांची बाजू कोर्टात मांडली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. तेव्हा असं बोलणंही मराठीचा वारसाच आहे.

सगळं माहीत असायला हवं असं नाही. "मला ठाऊक नाही, विचारून सांगते," असं म्हणा, आणि खरंच विचारून सांगा. समोरासमोर बसवून भाषण देऊ नका. शेंगा सोलताना, वेणी घालताना, दिवे गेल्यावर मुलं आपोआप बोलतात. प्रश्न ऐकून तुमचा चेहरा बदलला, तर पुढचा प्रश्न तुमच्याकडं येणार नाही. आणि काय बोललात ते मुला-सुनेला फोनवर सांगा, म्हणजे घरात दोन उत्तरं होणार नाहीत.

आज घरी गेल्यावर नातवंडाच्या डोक्याला तेल लावा आणि थोडा वेळ गप्प बसा. आता तुमचे प्रश्न घेते. नाव न लिहिता चिठ्ठी पाठवली तरी चालेल.