नानजचा तंटा चिघळला असता तर?

शहागंजच्या घड्याळाच्या मनोऱ्याखाली १९४८ सालाची आठवण काढताना जर-तरचा विचार टाळता येत नाही. बार्शी तालुक्याची आणि निजामी मुलखाची गावे एकमेकांत गुंतलेली होती. त्याच टापूत, जुलै १९४८ मध्ये, नानजजवळ रझाकारांनी भारतीय तुकडीवर हल्ला केला आणि भारताने नानज ताब्यात घेतले. एका खेड्याचा तंटा! परंतु २१ ऑगस्टला निजाम सरकारने सुरक्षा परिषदेकडे तक्रार नेली. सिडनी कॉटनची विमाने कराचीहून शस्त्रे आणीतच होती. परिषद पॅरिसमध्ये बसली ती १६ सप्टेंबरला. १३ तारखेला निघालेल्या फौजेपुढे निजामाने १७ ला हत्यार टाकले, आणि प्रश्नच मिटला.

हीच लढाई महिनाभर रेंगाळली असती तर युद्धबंदीचा ठराव आला असता, निरीक्षक आले असते, आणि काश्मीरसारखी एक रेषा मराठवाड्याच्या शिवारातूनही ओढली गेली असती. औरंगाबाद तिच्या अलीकडे की पलीकडे, याचा निवाडा पॅरिसमध्ये झाला असता.

ते युद्ध टळले. रक्त टळले नाही. रझाकारांनी खेडी जाळली होती. ‘पोलीस कारवाई’नंतर त्याचा सूड निरपराध मुसलमानांवर उगविला गेला. भारत सरकारनेच पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला. सर्वाधिक हानीच्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. तो अहवाल कित्येक दशके दडपला गेला. निजाम मात्र १९५० साली राजप्रमुख झाला.