प्लाझ्मा, प्रपोजल आणि सदतीस हजार रुपये



आजचा विषय तुमच्याच मेसेजेसमधून आलाय. "मॅडम, आमच्या कॉलेजात प्लाझ्मावर संशोधन करायचंय. सरकारी ग्रँट मिळेल का?" मिळू शकते. पण त्यासाठी प्रपोजल लिहायला लागतं, आणि ते कसं लिहायचं हे एमएस्सीला कोणी शिकवत नाही. मी फिजिक्स शिकवते, दोन सरकारी प्रकल्प चालवलेत, आणि हल्ली तरुण सहकाऱ्यांचे कच्चे मसुदे भरपूर वाचते. त्यातून जे दिसलं, ते आज सांगते.

पहिली गोष्ट. प्लाझ्मा म्हटलं की डोळ्यासमोर येतो टोकामॅक. गांधीनगरजवळ भाट इथे इन्स्टिट्यूट फॉर प्लाझ्मा रिसर्च आहे, तिथे १९८९ मध्ये 'आदित्य' टोकामॅक सुरू झाला. ते काम मोठंच आहे. पण तालुक्याच्या कॉलेजातून टोकामॅकचं प्रपोजल जात नाही, आणि जायची गरजही नाही. साध्या हवेत, व्हॅक्यूम पंपाशिवाय प्लाझ्मा तयार होतो. दोन इलेक्ट्रोड, मध्ये काच किंवा सिरॅमिकचा थर, आणि काही हजार व्होल्टचा एसी पुरवठा. याला डायइलेक्ट्रिक बॅरियर डिस्चार्ज म्हणतात. इथे छोट्या प्रयोगशाळेलाही खरं काम करता येतं.

आता पैसे कुठून? आधी एसईआरबी होतं. २०२३ च्या कायद्याने त्याची जागा एएनआरएफने, म्हणजे अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनने घेतली. नव्याने रुजू झालेल्या प्राध्यापकांसाठी त्यांची अर्ली करिअर ग्रँट आहे. दुसरा रस्ता अणुऊर्जा विभागाच्या बीआरएनएसचा. तिथल्या बऱ्याच प्रकल्पांत विभागाच्या एखाद्या संस्थेतला शास्त्रज्ञ सहकारी म्हणून लागतो. त्यामुळे फॉर्म उघडण्याआधी त्या माणसाशी बोलणं व्हायला हवं. योजनांची नावं आणि अटी बदलत राहतात. म्हणून त्या वर्षीच्या कॉलची पीडीएफ वाचा, आणि पात्रतेचं पान सगळ्यात आधी.

ते पान महाराष्ट्रात फार टोचतं. बहुतेक योजनांत मुख्य संशोधक नियमित पदावर असावा लागतो. आपल्याकडे कितीतरी हुशार मुलं-मुली सीएचबीवर, तासिका तत्त्वावर शिकवतायत. पीएचडी झालेली आहे, कल्पना आहे, पण अर्ज करता येत नाही. अशांनी नॅशनल पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप बघावी, तिथे उमेदवार स्वतः अर्ज करतो. हा पूर्ण तोडगा नाही, हे मलाही माहीत आहे. पण आज जे दार उघडं आहे, ते हे आहे.

आता मुख्य मुद्दा. माझ्याकडे येणाऱ्या दहा मसुद्यांतल्या आठांत यादी असते, प्रश्न नसतो. स्पेक्ट्रोमीटर हवा, ऑसिलोस्कोप हवा, पॉवर सप्लाय हवा. उद्दिष्टात लिहिलेलं असतं: "बियाण्यांवर प्लाझ्माचा परिणाम अभ्यासणे." तपासणारा विचारतो, कुठलं बियाणं? कुठला परिणाम? तीन वर्षांनी तुम्हाला काय कळलेलं असेल?

तेच असं लिहून बघा: "हवेतली आर्द्रता ३० टक्क्यांवरून ७० टक्क्यांवर गेली, तर या डिस्चार्जमध्ये तयार होणाऱ्या ओझोनचं प्रमाण किती बदलतं, आणि सोयाबीनच्या उगवणीत तो फरक दिसतो का?" आता हा प्रश्न झाला. उत्तर 'हो' आलं तरी उपयोग, 'नाही' आलं तरी उपयोग. पेरणीच्या दिवसांत आपल्याकडची हवा कशी दमट असते ते आपल्याला माहीतच आहे. म्हणजे हा प्रश्न आपल्या गावातून निघालाय. आणि यादी आपोआप छोटी होते. प्रत्येक यंत्रासमोर लिहिता येतं, हे प्रश्नाच्या कुठल्या भागासाठी लागणार.

थोडा प्राथमिक डेटा जोडा. डिस्चार्जमध्ये किती पॉवर जाते हे मोजायला एक कपॅसिटर, हाय व्होल्टेज प्रोब आणि ऑसिलोस्कोप पुरतो. स्क्रीनवर जी लिसाजू आकृती येते, तिच्या क्षेत्रफळावरून प्रत्येक सायकलची ऊर्जा निघते. कॉलेजात प्रोब नसेल तर जवळच्या विद्यापीठात दोन दिवस मागून घ्या. एक स्वच्छ ग्राफ दहा पानांच्या प्रस्तावनेपेक्षा जास्त बोलतो. पण हे एकट्याने करू नका बरं का! हजारो व्होल्ट आहेत, आणि ओझोन फुप्फुसांना वाईट. सुरक्षेचा परिच्छेद प्रपोजलमध्येही लिहा.

आता बजेट. लोक यंत्रांवर महिनाभर घालवतात आणि मनुष्यबळाची ओळ शेवटच्या रात्री भरतात. त्या ओळीत एक माणूस आहे. जेआरएफला पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, नंतर एसआरएफ झाल्यावर ४२,०००. तीन वर्षांचे झाले १३ लाख ९२ हजार. घरभाडे भत्ता वेगळा. एखादी मुलगी घरच्यांना समजावून, लग्नाची बोलणी पुढे ढकलून या पदावर येते.

आणि पैसे हप्त्याने येतात. आधीच्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र आणि खर्चाचा हिशोब गेल्याशिवाय पुढचा हप्ता हलत नाही. माझ्या एका प्रकल्पात कागद वेळेवर गेले होते, तरी पुढचे पैसे यायला सात महिने लागले. माझा विद्यार्थी सकाळी बारावीच्या शिकवण्या घ्यायचा आणि दुपारी लॅबमध्ये रीडिंग घ्यायचा. त्याने काम सोडलं नाही. पण दुसरं कोणी सोडलं असतं तर मी त्याला दोष दिला नसता.

म्हणून अर्ज करण्याआधीच प्राचार्यांशी आणि अकाउंट्सच्या माणसाशी बसून तीन गोष्टी ठरवा. हप्ता लांबला तर कॉलेज तात्पुरते पैसे देईल का? मार्च संपल्यावर ऑडिटचे कागद किती दिवसांत निघतील? खरेदी कोण बघणार? जमलं तर लेखी घ्या. हे फिजिक्स नाही, पण याच्याशिवाय फिजिक्स होत नाही.

आणि नकार आला तर? येतोच. परीक्षकांचे शेरे मिळाले तर दोन दिवस बाजूला ठेवा, मग शांतपणे वाचा. "उद्दिष्टं स्पष्ट नाहीत" असं लिहिलं असेल तर प्रश्नाकडे परत जा. "काम फार पसरलंय" असेल तर अर्धं काढून टाका. पुढच्या कॉलला तेच प्रपोजल नव्याने लिहून पाठवायला कसलीही लाज नाही.

आजचा गृहपाठ सोपा आहे. तुमचा प्रश्न दोन वाक्यांत लिहा आणि प्लाझ्माशी काही संबंध नसलेल्या मित्राला व्हॉट्सॲपवर पाठवा. त्याने "मग उत्तर काय आलं?" असं विचारलं, तर फॉर्म उघडा. नुसता अंगठा आला, तर परत लिहा.

तुमचे प्रश्न पाठवत राहा. पुढच्या भागात भेटूच.