‘माझ्यामुळं मॅच थांबली’

पुण्याजवळच्या मोशी, चिखली, भोसरी ते चाकण या पट्ट्यात रविवारी मोकळ्या मैदानांवर कंपन्यांच्या टीमांचं टेनिस बॉल क्रिकेट चालतं, मंडळांची कबड्डी रंगते. एखाद्या चढाईत कुणाचा गुडघा फिरतो, झेल घेताना कुणी तोंडावर आपटतो. खेळ थांबतो, कुणीतरी पाणी आणतं, आणि ज्याला लागलंय तोच म्हणतो, ‘सॉरी रे, माझ्यामुळं मॅच थांबली.’ ज्याचा धक्का बसला तो शेजारी गप्प उभा असतो. या माफीचं कारण नीट समजून घ्यायला हवं असं मला वाटतं, कारण तिच्यावर विसंबून आपण जखमी माणसाचं नुकसान करतो.

हे संस्कारांमुळे घडतं, असं सहज म्हटलं जातं. पण ही माफी कुणाकडे मागितली जाते ते पाहा. ती बहुतेक वेळा संघाकडे, आयोजकांकडे, घरच्यांकडे असते. म्हणजे ज्यांची काही ना काही अडचण झाली त्यांच्याकडे. चीनचा लिउ शियांग 2004 साली अथेन्समध्ये अडथळ्यांच्या शर्यतीत सुवर्णपदक जिंकला. 2008 मध्ये मायदेशी, बीजिंगच्या ऑलिंपिकमध्ये, पायाच्या दुखापतीमुळे त्याला पहिल्याच फेरीतून माघारी फिरावं लागलं, तेव्हा त्यानं देशवासीयांची माफी मागितली. त्यानं कुठला नियम मोडला होता? लोकांच्या अपेक्षांचं ओझं आपण पेलू शकलो नाही, एवढंच त्याच्या मनात होतं. आपल्याकडच्या मैदानावर हे ओझं रोजच्या हिशोबाचं असतं. सोमवारी पहिल्या पाळीला जायचंय. ठेकेदाराकडे कामाला असेल तर खाडा म्हणजे पगार कापला जाणार, लाइनवर त्याचं काम दुसऱ्याला ओढावं लागणार, दवाखान्यात न्यायला बायकोला सुट्टी घ्यावी लागणार. दुखणं एकट्याचं, पण भुर्दंड चौघांवर. पडल्या क्षणी त्याला हे सगळं दिसतं आणि तो माफी मागतो. त्या माफीत एक विनवणीही असते: मला तुमच्यातून वगळू नका.

यावर कुणी म्हणेल, दोष स्वतःकडे घेतल्यानं माणूस सावरतो, मग त्यात वाईट काय? या म्हणण्याला आधार आहे. 1977 साली बुलमन आणि वर्टमन या संशोधकांनी अपघातात पक्षाघात झालेल्या 29 जणांचा अभ्यास केला. ज्यांनी दोष स्वतःकडे घेतला ते परिस्थितीशी जास्त चांगलं जुळवून घेत होते. दुसऱ्याला दोष देणाऱ्यांना ते जड गेलं. भारताचे तेव्हाचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांचंच पाहा. मार्च 1962 मध्ये बार्बाडोसला वेस्ट इंडिजच्या चार्ली ग्रिफिथचा चेंडू डोक्याला लागून त्यांची कवटी फुटली. त्यांना रक्त देणाऱ्यांत प्रतिस्पर्धी कर्णधार फ्रँक वॉरेल होते, आपले चंदू बोर्डे आणि बापू नाडकर्णी होते. कॉन्ट्रॅक्टर पुन्हा कसोटी खेळू शकले नाहीत, तरी त्यांनी ग्रिफिथला दोष दिला नाही. आपलंच लक्ष विचलित झालं होतं, असं ते सांगत राहिले. ही मनाची थोरवी आहे आणि मला ती मनापासून मोलाची वाटते. पण ते उपचारांनंतर, शांतपणे स्वतःला दिलेलं उत्तर आहे. मैदानावरच्या पहिल्या पाच मिनिटांतली माफी वेगळी. ‘काही नाही, चालतंय’ हे तिचंच पुढचं वाक्य असतं, आणि ते ऐकून आपण त्याला परत उभं करतो.

ऑगस्ट 2019 मध्ये लॉर्ड्सवर इंग्लंडच्या जोफ्रा आर्चरचा चेंडू मानेला लागून ऑस्ट्रेलियाचा स्टीव्ह स्मिथ कोसळला. तपासणी झाली, तो पुन्हा फलंदाजीला आला. मेंदूला धक्का बसल्याची लक्षणं दिसली दुसऱ्या दिवशी. अशा दुखापतीसाठीचा बदली खेळाडूचा नियम त्याच महिन्यात लागू झाला होता, म्हणून मार्नस लाबुशेन त्याच्या जागी खेळला. जिथं डॉक्टर हजर असतात तिथं ही गत, तर आपल्या मैदानांवर जखमीच्या शब्दावर निर्णय कसा सोडायचा? बैलगाडा शर्यतीबाबत आपण हे शिकलो आहोत. सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या निकालानं थांबलेल्या शर्यती 2021 च्या डिसेंबरात अटींसह पुन्हा सुरू झाल्या, आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला. त्या अटींत बैलांची पशुवैद्यकाकडून तपासणी आहे, कारण बैल आपलं दुखणं सांगू शकत नाही. माणूस सांगू शकतो, पण त्या क्षणी तो खरं सांगत नाही.

माफी मागू नको, असं जखमीला बजावण्यात अर्थ नाही. त्याला जे म्हणायचं ते म्हणू द्यावं. मोशी परिसरातल्या मंडळांना आणि कंपन्यांच्या क्रीडा समित्यांना माझी विनंती आहे, की लागलेल्याला बाहेर काढण्याचा अधिकार ज्याला असेल त्याचं नाव स्पर्धेच्या पत्रकावरच छापा. डोक्याला मार असेल तर त्या दिवशी त्याला पुन्हा खेळवू नका, घरी एकट्याला सोडू नका, आणि सोमवारच्या पाळीला बदली कोण जाणार ते त्याच संध्याकाळी टीमनं ठरवून त्याला सांगा.